आबाजी, वासरू?

इथे कुवैतमध्ये, रुमैथियाच्या जमियात, म्हणजे आमच्या वस्तीच्या सहकारी दुकानात, मी गेली बारा वर्षं सामान भरते. पण पाण्याच्या बाटल्यांच्या एका रांगेतून काही जात नाही. साध्या पाण्याच्या पेट्या असतात तिथवर जाते. त्यापुढे हिरव्या काचेच्या, उंच मानेच्या परदेशी बाटल्या मांडलेल्या असतात, तिथे मी ट्रॉली वळवते आणि डाळींकडून फिरून येते. माझी मुलगी मनवा पंधरा वर्षांची आहे, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. "मम्मा, व्हाय डू वी ऑलवेज गो राउंड?" मी सांगते, डाळ बघायची होती. डाळ घरात पोतंभर पडलेली असते.

परवा गुरुवारी मात्र मी मुद्दाम त्या रांगेत गेले. बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं, आणि खोटं कशाला सांगू, तिथेच उभी राहून रडले. माल लावणारा बंगाली माणूस घाबरला बिचारा. "सिस्टर, तबीयत ठीक है?" मी नर्स आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, ड्युटीवरून युनिफॉर्मातच जाते ना. म्हटलं, ठीक है भाई, पुराना याद आया. बाटली घेतली आणि घरी आले.

ते पुराना म्हणजे माझे आजोबा. नाव आबाजी, म्हणून घरादाराचे आबा. गाव जयगडच्या खाडीकाठचं. मोठ्या लढाईच्या काळात ते इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर तांडेल होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. माझे बाबा इथे तेलाच्या कंपनीत टेक्निशियन होते आणि आम्ही मिरकाबातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आजी गेल्यावर आबा दोन हिवाळे आमच्याकडे येऊन राहिले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची.

त्या इमारतीचा जिना अजून माझ्या नाकात आहे. खाली इराणी माणसाची खबूसची, म्हणजे तिकडच्या रोटीची, भट्टी, तिचा खरपूस वास सकाळपासून वर चढायचा. दुसऱ्या मजल्यावर केरळी कुटुंबाची खोबरेलातली फोडणी. आणि आमच्या दाराशी आईचे सुके बांगडे, तेही चोरून भाजलेले, कारण शेजारच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईंना तो वास अजिबात खपायचा नाही. त्या नेमक्या तेव्हाच दार उघडायच्या आणि आई नेमकी तेव्हाच अगरबत्ती लावायची. हिवाळा सरता सरता धुळीचं वादळ यायचं. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले तरी जेवताना दाताखाली कचकचायचं. आबा ताट पुढे सारून म्हणायचे, "रेती किनाऱ्यावर असावी गो, भातात कशाला?"

संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रावर जायचो. आबांच्या अंगात बाबांचा जुना कोट, खाली लेंगा, डोक्यात काळी टोपी. जिथे लाकडी गलबतं लागतात तिथे एक म्हातारा कुवैती रोज बसलेला असायचा, अबू सालेम. तरुणपणी तो शिडाचं जहाज घेऊन खजूर विकायला मुंबईला, रत्नागिरीला जायचा आणि साग भरून परत यायचा. हिंदी बोलायचा, पण ती अशी, की तीत अर्धी शिवीगाळ गोदीतली. त्याने स्वतःची ओळख सांगितली, "मैं नोखदा." आबा ताडकन उठून उभे राहिले. "अरे, हा तर नाखवा!" आमच्याकडे होडीच्या मालकाला नाखवाच म्हणतात. त्या एका शब्दावर दोघांची जी मैत्री जमली ती जमली. मग रोज चहा, रोज माशांवरून भांडण. पापलेटाला हे लोक झुबैदी म्हणतात, आणि आमचं पापलेट मोठं की तुमची झुबैदी, हे शेवटपर्यंत काही ठरलं नाही.

अबू सालेमची आवडती गोष्ट म्हणजे आबांच्या जर्मन कप्तानाची. आमचीही तीच आवडती. ती आबा कशी सांगायचे तशीच सांगते.

"आफ्रिकेच्या खालच्या अंगाला व्हतो आमी. दुपारची वेळ, जेवणं झालेली. धाडकन आवाज झाला आणि बोट कलली. पाणबुडीनं टॉर्पेडो मारलान. गोरे सायब एका होडीत बसले ते लांब गेले. मागे दोन होड्या, दोन्हींत आपलीच माणसं. एकीत मी, दुसरीत जना."

जना म्हणजे जनार्दन, आबांचा धाकटा भाऊ. बोटीच्या इंजिनात कोळसा मारायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको काशी, आमची काशीआजी, गावाला.

"मंग पाणी फुगलं नि त्यातनं ती पाणबुडी वर आली, म्हशीवानी. झाकण उघडलान. पांढरी टोपी, दाढी, अंगात फाटका स्वेटर, असा कप्तान भायेर आला. आमी बोललो, आता गोळ्या घालतंय. त्यानं भोंगा तोंडाला लावलान नि माझ्याकडं बघून वराडला, आबाजी, वासरू?"

इथे आबा थांबायचे. आम्ही पोरं आधीच लोळायला लागलेली असायचो.

"आता मला सांगा, त्या जर्मनाला माझं नाव कोणी सांगितलान? आणि घरची गाय गाभण हाय, ती खबर त्याला कशी? मी मान हलवली. नाय बाबा, वासरू नाय अजून. तर पलीकडच्या होडीतनं जना उठून उभा! दोन्ही हात वर, मान ही अशी खालीवर. 'झालं, दादा, झालं! वासरू झालं! काशीचं पत्र आलंय!' मेल्यानं बायकोचं पत्र लपवून ठेवलं व्हतं. नव्या नवरीचं पत्र मोठ्या भावाला दाखवायचं कसं? जर्मनापायी कबूल झाला!"

मग कप्तानाने आबांच्या होडीत पाण्याचा डबा उतरवला. होडीतला पाण्याचा पिंप फुटला होता, तो डबा मिळाला नसता तर आबा आम्हाला दिसलेच नसते. पाणबुडी दोन्ही होड्यांच्या मधे आली, त्यामुळे पलीकडचं दिसेनासं झालं. थोड्या वेळाने ती बुडाली. संध्याकाळी वारा सुटला आणि दोन होड्यांची ताटातूट झाली. आबांना अकराव्या दिवशी एका बोटीने उचललं. जना आजोबांच्या होडीचं पुढे काहीच कळलं नाही.

एवढी रडायची गोष्ट, आणि ती आमच्या घरात हसायची म्हणून सांगितली जायची! नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आलं, की काशीआजी ओटीवर पाट मांडायची. "भावजी, सांगा ना." आणि 'काशीचं पत्र आलंय' इथे आलं की पदर तोंडावर. साठी उलटून गेली तरी लाजायची. मास्तरांकडून लिहून घेतलं होतं तिने ते पत्र, त्यात गाय व्याली एवढी एकच बातमी होती. बाकीचं मास्तरांना सांगायला लाज वाटली, म्हणायची. नवरा तिला जेमतेम चार महिने मिळाला, पण शेवटचा दिसला तो असा, होडीत उभा राहून तिचं नाव घेऊन हसणारा. ते तिच्याकडे आबांनी आणून दिलं होतं. आबा त्या कप्तानासाठी एक जास्तीचा नारळ समुद्रात सोडायचे. बाबांना ते पटायचं नाही. "आधी घर पेटवायचं, मग बादलीभर पाणी द्यायचं, उपकार कसले डोंबलाचे?" आबा म्हणायचे, "तू होडीत बसला नव्हतास."

दुसऱ्या हिवाळ्यात अबू सालेमने आम्हाला रुमैथियाला आपल्या दिवानियात बोलावलं. दिवानिया म्हणजे घरातली पाहुण्यांची मोठी बैठक, भिंतीकडेने गाद्या टाकलेली. लोबान जळत होता. वेलची घातलेली कडू कॉफी छोट्या वाट्यांतून फिरत होती, मला खजूर मिळाले. अबू सालेमचा मुलगा जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून नुकताच परत आला होता. त्याने येताना तिकडच्या वस्तू आणलेल्या, त्यांत पाण्याच्या हिरव्या बाटल्याही. मला तेव्हा दिसेल ते वाचायची खोड होती. दुकानांच्या पाट्या, साबणाची वेष्टणं, काही म्हणून सोडायची नाही. मी बाटली उचलली आणि मोठ्याने वाचलं, "मिनरल... वासर."

"काय, वासरू?" आबा खुशीत आले. "बाटलीत वासरू घातलान काय?" अबू सालेमही हसला आणि मुलाला म्हणाला, आता आबाजीची गोष्ट ऐक. आबांनी ती सांगितली. सुरेख सांगितली. भोंगा तोंडाला लावून, 'आबाजी, वासरू?' अगदी कप्तानाच्या आवाजात.

मुलगा हसला नाही. तो भला माणूस होता, त्याला वाटलं आपण मदत करतो आहोत. म्हणाला, "चाचा, वो आपका नाम नहीं ले रहा था. 'हाबेन झी वासर', ऐसा बोला होगा. वासर मतलब पानी, अरबी में माय. वो पूछ रहा था, तुम्हारे पास पानी है क्या?"

आबा अजून हसतच होते. म्हणजे तोंड हसत होतं. मग ते हळूहळू मिटलं. त्यांनी आपली मान नाही म्हणून हलवून बघितली, एकदाच. मग होय म्हणून हलवून बघितली. मी समोर बसले होते, मला दिसलं. पाणी आहे का, म्हणून विचारलं. आबांनी नाही म्हटलं, त्यांना मिळालं. जना आहे म्हणाला.

कॉफी तशीच राहिली. बाबा घ्यायला येईपर्यंत आम्ही फाटकाशी उभे होतो. आबांनी माझा हात धरला होता. म्हणाले, "बाय, काशीला हे कळता नये. तिच्या पत्रापायी झालं, असं तिला वाटंल. जन्मात नाय सांगायचं. माझी शपथ हाय." मी शपथ घेतली. नऊ वर्षांच्या पोरीला शपथ म्हणजे काय ते पुरतं कळतं, उलट मोठेपणीच कमी कळतं. मला तेव्हा एवढंच समजलं होतं, की ते लेबल मी वाचलं.

सुट्टीत गावी गेलो. नारळी पौर्णिमेला आबांनी एकच नारळ सोडला. काशीआजीने पाट मांडला, "भावजी, सांगा ना." आबा म्हणाले, घसा धरलाय. पुढच्या वर्षी म्हणाले, विसरलो. विसरलो! काशीआजीचं तोंड एवढंसं झालं. ती पाट उचलायला वाकली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आजी बस, मी सांगते." आणि सगळी सांगितली, म्हैस, भोंगा, आबाजी वासरू, सगळी. काशीआजीने बरोबर जागेवर पदर तोंडावर घेतला. आबा तोवर उठून मागच्या पडवीत गेले होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "बरी सांगितलीस." त्यानंतर ती गोष्ट माझ्याकडेच आली.

एका ऑगस्टात आम्ही असेच सुट्टीला गावी आलो होतो, तेवढ्यात शेजारच्या देशाचं सैन्य कुवैतमध्ये घुसलं, आणि मग परत जायला मिरकाब राहिलं नाही. आमचा रेडिओ, माझ्या वह्या, आईची तांब्याची कळशी, आबांसाठी घेतलेली कापडी खुर्ची, सगळं तिथेच. अबू सालेमचं काय झालं ते आबा रोज रेडिओला विचारायचे. कळलं नाही. तीन वर्षांनी आबाही गेले. शेवटी शेवटी ते पाणी मागायचे आणि दिलं की नुसते बघत राहायचे. लोकांना वाटायचं, भ्रम झालाय. मला ठाऊक होतं, पण शपथ होती.

मग मी नर्स झाले आणि फिरून इथेच आले. मिरकाबात आमच्या इमारतीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे, त्याच्या पायथ्याशी मी एकदा उगीच वास घेत उभी राहिले. नोकरी डायलिसिसची. दिवसभर माणसांना पाणी कमी प्या म्हणून सांगते. काय एकेक नशीब असतं!

गेल्या महिन्यात मनवाला शाळेत घरातल्या माणसाची लढाईतली हकीकत लिहायला सांगितली. तिने आबांच्या बोटीचं नाव गावी माझ्या बाबांना फोन करून विचारलं आणि बसली कॉम्प्युटरवर. तासाभराने ओरडली, "मम्मा, आय फाउंड हिम!" कोणाला गं? "द वासरू कॅप्टन!"

फोटो होता. तीच पांढरी टोपी. दाढी नव्हती, गळ्यात पदक होतं. मी आयुष्यभर म्हातारा कप्तान डोळ्यांपुढे आणला होता, हा तर तिशीही न ओलांडलेला पोरगेलासा माणूस. त्याची लढाईतली सगळी कारकीर्द एका पानावर मावली होती. शाळेतून आरमारात, मग पाणबुडीत, मग बुडवलेल्या बोटींची यादी, देशांच्या झेंड्यांसकट. त्या यादीत आमची बोट एक ओळ. वरखाली दुसऱ्यांच्या बोटी, त्यांतही कोणाचे तरी जना असणार. मला त्याचा संताप आला, आणि स्वेटर फाटका होता हेही आठवलं. शेवटच्या सफरीवरून तो परतला नाही. पाणबुडीसकट, सगळ्या माणसांसकट गेला.

आणि त्याची रोजनिशी होती. आधीच्या सफरींच्या रोजनिशा किनाऱ्यावर जमा केलेल्या, त्या उरल्या होत्या. मनवाने आमच्या बोटीचं पान शोधलं. जर्मन, टाइप केलेलं. मशीनने भाषांतर करते म्हणाली, मी नको म्हटलं. असल्या गोष्टीला माणूस हवा. आमचे डायलिसिसचे डॉक्टर सीरियाचे, शिक्षण जर्मनीत झालेलं. बुधवारी चहाच्या वेळी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, माझ्या आजोबांची बोट आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचून इंग्रजीत सांगत गेले. दोन होड्या, हिंदी खलाशी. पाणी आहे का विचारलं. पहिलीत नाही. एक डबा दिला.

मी टेबलाची कड धरून ठेवली होती. म्हटलं, दुसरी?

डॉक्टर पुढे वाचत होते. दुसरीतल्यांनी आहे म्हणून सांगितलं. एक जण उभा राहून हसत होता. त्यांनाही एक डबा दिला, आणि पाव.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बसा बघू."

कोणासाठी खोटं लिहिणार तो? त्यात त्याला काय मिळणार होतं? पाणबुडी मधे आली होती म्हणून आबांना पलीकडचं दिसलं नाही, एवढंच झालं. आणि एवढ्यावरून ते शेवटपर्यंत झिजत राहिले. मी लेबल वाचलं नसतं तर... पण ते जाऊ दे. मला आबांना सांगायचं होतं. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला फोन कुठे लावणार?

काशीआजी आहे. शंभरीला टेकली आहे, कान अधूनमधून साथ देतात, डोळे गेले. आज सकाळी गावी फोन लावला. बाबांनी तिच्या कानाशी धरला. शपथ आबांची होती, पण आता सांगण्यासारखं उरलं होतं ते तिला दुखवणारं नव्हतं. मी ओरडून म्हटलं, "आजी, त्या जर्मनाची वही सापडली. तो पाणी आहे का, म्हणून विचारत होता. त्याने जना आजोबांच्या होडीलाही पाण्याचा डबा दिला. पावसुद्धा दिला."

 मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं.

"ऐकलं गो," काशीआजी म्हणाली. "म्हणजे ताहनेनं नाय गेले ते."

"नाही, आजी."

"मी कधी विचारलं नाय. भावजींच्या होडीला पाणी दिलान, मंग यांच्या होडीचं काय, हे विचारायला धीर झाला नाय. ऐंशी वर्षं झाली."  बाबा काहीतरी म्हणाले, तिने त्यांना गप्प केलं.

"भावजींना सांगितलंस काय?"

मी म्हटलं, "आजी, आबा..."

"ठाऊक हाय मला, म्हातारी झाले तरी येडी नाय झाले. तरी सांग. दिवा लावशील तेव्हा सांग. तुमच्या कुवैतातनं आल्यापासून माझ्याकडं बघून पाणी प्यायचे नाहीत ते. मी आली की तांब्या खाली ठेवायचे."